पदवी व्हयनी, आते काय करानं?

निकाल लागून इंटर्नशिप संपत आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो. या खेपेला जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आरोग्यविज्ञानाच्या पदवीधरांची आणि त्यांच्या आईवडिलांची पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच आहे: पुढे कोणता कोर्स करू? आमचं म्हणणं असं, की आधी कोणतं काम करायचं ते ठरवा. मग त्या कामाच्या जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा आणि कोर्स त्यानंतर शोधा. उलट्या बाजूने सुरुवात करणाऱ्याचे पैसे आणि वर्षं दोन्ही जातात. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

“मना पोऱ्या शिरपूरले शिकना, बी.फार्म. व्हयना. आते काय करानं? एम.फार्म. करू देऊ, गावात मेडिकल टाकून देऊ, का कंपनीत पाठवू? एक जण म्हणे सर्टिफिकेट भाड्याने दे, घरबसल्या पैसे येतील.” — एक शेतकरी वडील, अमळनेर तालुका

दादा, शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण नुकसान तिथेच सर्वांत जास्त आहे. भाड्याने सर्टिफिकेट देणं म्हणजे दुकानाच्या परवान्यावर नाव मुलाचं आणि गल्ल्यावर बसणारा दुसराच. औषध विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच व्हायला हवी, असा कायदा आहे. अन्न व औषध प्रशासनाची तपासणी आली आणि फार्मासिस्ट जागेवर नसला, तर नोटीस दुकानदाराला येते तशी मुलाचीही चौकशी लागते. याहून मोठा तोटा पुढे कळतो. मुलाचं नाव अमळनेरच्या दुकानावर चढलेलं आणि त्याच काळातला अनुभवाचा दाखला अंकलेश्वरच्या कंपनीचा, असे दोन कागद एखाद्या भरतीत एकत्र आले, की त्यातला एक खोटा ठरतो. महिन्याकाठच्या थोड्या पैशांसाठी एवढं अंगावर घेऊ नका.

आता मेडिकलचं. किरकोळ परवान्यासाठी जागा किमान १० चौरस मीटर लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. किरकोळ आणि होलसेल दोन्ही एकाच जागेत करायचं असेल तर १५ चौरस मीटर. गाळा घेताना हे माप आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत टेपने घ्या. भाडेकरारात ‘दहा बाय अकरा’ लिहिलेला गाळा भिंतींची जाडी वजा केली की कमी भरतो आणि नकाशा परत येतो. फ्रिज चालू स्थितीत हवा, त्याचं बिल अर्जाला जोडावं लागतं. किरकोळीचे परवाने नमुना २० आणि २१ चे, होलसेलचे २०-ब आणि २१-ब चे. परवाना एकदा मिळाला की चालू राहतो, पण दर पाच वर्षांनी तो कायम ठेवण्याची फी भरावी लागते. ती तारीख विसरणारे दुकानदार दर तालुक्यात सापडतात. आमचं मत विचाराल तर ज्या गावात डॉक्टर तीन आणि मेडिकल आठ, तिथे नववं टाकू नका. त्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी मुलाला वर्षभर चालत्या दुकानात बसवा. उधारी, एक्स्पायरीचा परतावा आणि स्टॉकिस्टचं क्रेडिट या तीन गोष्टी कॉलेजात शिकवत नाहीत आणि दुकान बुडतं ते त्यांच्यापायीच. जनऔषधी केंद्राचाही विचार करता येईल. तिथे छापील किमतीवर २० टक्के मार्जिन आहे, पण डॉक्टर जेनेरिक लिहितात की नाही हे त्या गावात आधी बघा.

एम.फार्म. करायचं तर जीपॅट ही त्याची देशपातळीवरची पात्रता परीक्षा देऊनच करा. परीक्षा १२५ प्रश्नांची, ५०० गुणांची, तीन तासांची आहे. बरोबरला चार, चुकीला एक वजा. पात्र ठरून पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन दोन वर्षं मिळतं. शेतकऱ्याच्या घरात हा आकडा निर्णय फिरवू शकतो. मात्र तीन ठिकाणी गाडी अडते. एक, बँक खातं जनधनचं किंवा आईवडिलांबरोबर संयुक्त असतं आणि पैसे जमा होत नाहीत. खातं मुलाच्या एकट्याच्या नावाचं, साधं बचत, आधारशी जोडलेलं हवं. दोन, महाविद्यालयाने दर महिन्याची हजेरी पोर्टलवर भरलीच नाही तर तेवढे महिने रखडतात. तीन, काही महाविद्यालयं या योजनेच्या निकषातच बसत नाहीत. म्हणून प्रवेशाआधी तिथल्या गेल्या वर्षीच्या जीपॅटधारकाला गाठून “तुझ्या खात्यात पैसे आले का?” एवढंच विचारा. माहितीपुस्तिकेवर भिस्त ठेवू नका. राज्याच्या प्रवेशफेरीत जीपॅटवाल्यांना आधी जागा मिळतात, उरलेल्या बी.फार्म.च्या गुणांवर जातात. मोहाली, अहमदाबाद, हैदराबाद वगैरे ठिकाणच्या नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी आहे आणि तिला बसायलाही जीपॅटसारखी पात्रता लागते.

शाखा कोणती? कारखान्यात जायचं तर फार्मास्युटिक्स किंवा क्वालिटी अॅश्युरन्स. परवानग्यांच्या कागदोपत्री कामात गोडी असेल आणि इंग्रजी लिहिण्याचा कंटाळा नसेल तर रेग्युलेटरी अफेअर्स. औषधं शरीरात काय करतात यात रस असेल आणि पुढे पीएच.डी. डोक्यात असेल तर फार्माकॉलॉजी. दवाखान्यात पेशंटच्या जवळ राहून काम करायचं असेल तर एम.फार्म.पेक्षा बी.फार्म.नंतरचा तीन वर्षांचा फार्म.डी. बघावा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं.

थेट कंपनीत जायला हरकत नाही. नंदुरबार–नवापूरच्या पोरांना गुजरातचा पट्टा जवळ, बाकीच्यांना नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर. पण पॅकिंगला लावतात की उत्पादनाला, हे ऑफर लेटर घेतानाच विचारा. कारखान्यात उत्पादनाची जबाबदारी घेणारा तांत्रिक माणूस म्हणून प्रशासनाची मान्यता मिळवायची, तर बी.फार्म.नंतर औषधनिर्मितीचा १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. दाखल्यावर नुसतं “ऑफिसर” लिहिलेलं असेल तर तो अनुभव कशाचा ते सिद्ध होत नाही. विभाग, गोळ्या की इंजेक्शन की मलम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळं लेटरहेडवर लिहून घ्या. तेही नोकरी सोडायच्या आधी. सोडून गेलेल्याला एचआर ओळख देत नाही.

औषध निरीक्षकाचं स्वप्न पुष्कळांना असतं. नियमात मूळ पात्रता पदवीची आहे. १८ महिन्यांच्या अनुभवाची अट आहे ती लसी, सेरा (रक्तरस) अशा अनुसूची ‘क’ मधल्या औषधांच्या कारखान्यांच्या तपासणीशी जोडलेली. ताज्या जाहिरातीत अनुभवाचं कलम कसं लिहिलंय ते स्वतः वाचा, क्लासवाल्याकडून ऐकू नका.

“बीएएमएस झालं, इंटर्नशिप संपत आली. घरचे म्हणतात शहाद्यात दवाखाना टाक. मैत्रिणी सीएचओ झाल्या. मला एम.डी. करायचंय, पण तीन वर्षं कमाई नाही.” — एक वाचक, शहादा

ताई, तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत; फक्त क्रम लावायचा आहे.

एम.डी. किंवा एम.एस. आयुर्वेद तीन वर्षांचं असतं आणि प्रवेश एआयएपीजीईटी या परीक्षेतून. १२० प्रश्न, १२० मिनिटं, ४८० गुण. प्रश्नाला एक मिनिट मिळतं आणि चुकीला एक गुण जातो, त्यामुळे संहितेतले श्लोक अर्धवट आठवणाऱ्याचं इथे नुकसान होतं. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल आणि राखीव गटांना ४० पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे. ती ओलांडली म्हणून चांगला विषय मिळतो असं नाही. अर्ज भरण्याआधी माहितीपत्रकात इंटर्नशिप पूर्ण होण्याची शेवटची तारीख बघा. बाळंतपणाची किंवा आजारपणाची रजा इंटर्नशिपमध्ये वाढवून भरावी लागलेल्या मुली केवळ या तारखेमुळे एक वर्ष मागे पडतात.

विषय निवडताना प्रॅक्टिस की अध्यापन हे आधी ठरवा. प्रॅक्टिससाठी कायचिकित्सा, पंचकर्म, स्त्रीरोग-प्रसूती, शल्य (शस्त्रक्रिया), शालाक्य (डोळे, नाक-कान-घसा). २०२० च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्यच्या पदव्युत्तरांना मिळून ५८ शस्त्रक्रिया नावानिशी ठरवून दिल्या आहेत. मात्र ज्या महाविद्यालयात शल्यचं ऑपरेशन थिएटर आठवड्यातून एकदा उघडतं तिथून एम.एस. होऊन हात बसत नाही. प्रवेशफेरीत कॉलेज भरण्याआधी तिथल्या सीनियरला महिन्याच्या केसेस विचारा. संहिता, रचना, द्रव्यगुण हे विषय घेतले तर रोख अध्यापनाकडे जातो. त्यासाठी आता शिक्षक पात्रता परीक्षाही आहे, ती २०२४ पासून सुरू झाली.

सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्रावर, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे नेमणूक होते. आपल्या राज्यात बीएएमएस, बीयूएमएस आणि बी.एस्सी. नर्सिंगवाले यासाठी पात्र आहेत. नेमणुकीआधी सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं. ठोक मानधन महिना २५,००० रुपये आणि कामावर आधारित मोबदला १५,००० रुपयांपर्यंत. जाहिरातीवरून सगळे ‘चाळीस हजार’ म्हणतात. प्रत्यक्षात दुसरा आकडा निर्देशांक भरल्यावर मिळतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब-साखरेची तपासणी, आशाताईंनी भरलेले फॉर्म ऑनलाइन चढवणं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी सल्लामसलत, क्षयरुग्ण, गरोदर माता: यातलं जे पोर्टलवर दिसत नाही ते झालं नाही असं धरलं जातं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात नेटवर्क नसलेल्या उपकेंद्रावर काम दिवसा आणि नोंद रात्री मोलगीला उतरून, असं चालतं. पद कंत्राटी आहे, हे मनाशी पक्कं ठेवा. तरीही आमच्या मते दोन वर्षांसाठी हे काम चांगलं आहे, कारण पैसे साठतात, शिवाय गावाचं आरोग्य कसं चालतं ते कळतं. तेवढ्यात रोज दोन तास परीक्षेचा अभ्यास होतो. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या पथकांतही आयुष डॉक्टर घेतात. ते कामही कंत्राटीच.

दवाखाना सर्वांत शेवटी. पदवी हातात आल्या आल्या शहाद्यात भाड्याचा गाळा घेऊन फर्निचरवर दीड-दोन लाख घालणाऱ्यांना आम्ही नेहमी थांबा म्हणतो. जुन्या डॉक्टरांकडे सहा महिने बसा, सलाइन लावायची की नाही ते कधी ठरवायचं आणि पेशंट धुळ्याला कधी धाडायचा हे शिका.

“मुलगा बी.एस्सी. नर्सिंग आहे. भुसावळला खासगी हॉस्पिटलात करतो. एक एजंट सव्वातीन लाखांत आखातात लावून देतो म्हणतो. आधी पन्नास हजार मागतोय. देऊ का?” — एक आई, भुसावळ

देऊ नका ताई. परदेशी नोकरीच्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून घेता येणारी सेवा फी कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. क्रमांक दुसऱ्याच्या नावचा निघाला किंवा “आमच्या मुंबईच्या ऑफिसचा आहे” असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा. आणखी एक: एरवी दहावी झालेल्याला एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी) लागत नाही, पण नर्सला आखातासह ठरावीक १८ देशांसाठी लागतो. “व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ” म्हणणारा माणूस नेमका हाच टप्पा चुकवत असतो.

खरा रस्ता असा. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का बघा. मग कागदपत्रांची डेटाफ्लोमार्फत पडताळणी होते. ही संस्था थेट कॉलेज, कौन्सिल आणि हॉस्पिटलला विचारते. म्हणूनच अनुभवाच्या दाखल्यावरचा हॉस्पिटलचा ईमेल आणि फोन चालू हवा. हॉस्पिटल बंद पडलं किंवा मालक बदलला तर दोन वर्षांचा अनुभव कागदावर शून्य होतो. त्यानंतर त्या देशाच्या आरोग्य खात्याची परीक्षा, जी बहुधा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर संगणकावर होते. बहुतेक ठिकाणी पदवीनंतरचा रुग्णालयीन अनुभव लागतोच, तेव्हा मुलाला आयसीयू किंवा कॅज्युअल्टीत बदली मागू द्या. जनरल वॉर्डापेक्षा तिथल्या अनुभवाला मागणी जास्त आहे.

ब्रिटनचा मार्ग लांब, पण सरळ आहे. भाषेसाठी आयईएलटीएसमध्ये एकूण ७ आणि लेखनात किमान ६.५, किंवा ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेत तीन भागांत बी आणि लेखनात सी-प्लस. मग भारतातच संगणकावरची परीक्षा आणि तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिक. मराठी माध्यमातल्या मुलांना लेखन अडवतं, बोलणं नव्हे. रेफरल लेटर रोज एक लिहायचा सराव ठेवावा. जर्मनीला बी-२ पातळीचं जर्मन लागतं. शून्यापासून तिथे पोचायला नेटाने शिकूनही वर्ष सहज जातं, आणि ड्यूटी सांभाळून तर जास्तच. “तीन महिन्यांत जर्मनी” हा फलक कुठे दिसला तर पुढे चला.

“मी पुरुष नर्स. नॉरसेट देऊ की रेल्वे? दोन्हीत आमच्यासाठी जागा किती?” — एक वाचक, पाचोरा

दोन्ही द्या, पण वेगळ्या तयारीने. नॉरसेट ही एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा. वय १८ ते ३०, मागासवर्गीयांना नियमाप्रमाणे सवलत. एम्समध्ये ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना, त्यामुळे तुमचा कटऑफ वर चढतो. मैत्रिणीचे गुण बघून स्वतःचा अंदाज बांधू नका. पूर्वपरीक्षा शंभर प्रश्नांची, दीड तासाची, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. पुढे मुख्य परीक्षा. मूळ वेतन ४४,९०० रुपये. बी.एस्सी.वाल्याला अनुभवाची अट नाही. जीएनएम असेल तर किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं. खाटांचा आकडा दाखल्यावर लिहिलेला नसला तर तो दाखला धरत नाहीत.

रेल्वेचं नर्सिंग सुपरिंटेंडेंट पदही त्याच ४४,९०० च्या वेतनस्तरावर आहे, मात्र भरती दरवर्षी निघत नाही. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून. केंद्राच्या भरतीत ओबीसी उमेदवारांची हमखास होणारी चूक सांगून ठेवतो: तहसीलमधून काढलेलं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र केंद्राला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं मागा, आणि जाहिरातीत त्याच्या तारखेची जी मुदत दिली असेल तिच्या आतलं हवं. परीक्षा पास होऊन कागदांवर बाद होण्यासारखं वाईट काही नाही.

एम.एस्सी. नर्सिंगला बी.एस्सी.त ५५ टक्के आणि नोंदणीनंतरचा एक वर्षाचा अनुभव लागतो. ज्याला शिकवायचं आहे त्याने ते करावं. बेडजवळच राहायचं असेल तर क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर कोर्स बघा.

“बीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदवी केलीय. साक्रीत स्वतःची लॅब टाकू शकतो का? रिपोर्टवर माझी सही चालेल?” — एक वाचक, साक्री

सही चालणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की लॅबच्या रिपोर्टवर सही नोंदणीकृत आणि पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या डॉक्टरचीच हवी. तुमच्या साक्रीतल्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट नाशकात बसून शंभर लेटरहेडवर आगाऊ सह्या करून पाठवत असेल, तर तोही अडकेल आणि तुम्हीही.

तुम्हाला जमण्यासारखं काम म्हणजे एखाद्या मान्यताप्राप्त लॅबचं नमुना संकलन केंद्र. त्यासाठीही जैववैद्यकीय कचऱ्याची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि सुयांसाठी पांढरा न भोसकला जाणारा डबा, रक्ताच्या कापसासाठी पिवळी पिशवी ठेवावी लागते. या धंद्यात नाव जातं ते नमुन्याच्या वाहतुकीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. सकाळी सातला घेतलेलं रक्त साध्या नळीत तसंच पडून राहिलं की त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या तापमानालाही तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हात त्याहून जास्त. धुळ्याला पोचेपर्यंत मधुमेही माणूस कागदावर बरा झालेला असतो. साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची नळीच वापरा. उलट टोकाची चूक म्हणजे वेगळं न केलेलं रक्त थेट बर्फात ठेवणं: पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्टवर धोक्याचा आकडा दिसतो. छोटं सेंट्रिफ्यूज घ्या, अर्ध्या-पाऊण तासाने गोठलेलं रक्त फिरवून सीरम वेगळं करा आणि मग ते थंड पेटीत घाला. संकलन केंद्राला हे यंत्र परवडत नाही असं म्हणणाऱ्याने केंद्र उघडू नये.

पुढचं शिक्षण घ्यायचं तर रक्तपेढी, हिस्टोपॅथॉलॉजी किंवा मॉलिक्युलर डायग्नोस्टिक्सकडे वळा. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सातपुड्याच्या पट्ट्यात सॉल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीनंतर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या खात्रीच्या चाचण्या नीट करणारा आणि वाहक व रुग्ण यांतला फरक आलेखावर ओळखणारा तंत्रज्ञ लागतोच. कोणताही कोर्स घेताना तो महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेच्या नोंदणीला चालतो का, हे फी भरण्याआधी बघा. परराज्यातल्या दूरशिक्षणाच्या पदव्यांची फी कमी असते ती उगाच नाही.

“बीडीएस केलं, पण क्लिनिकमध्ये मन लागत नाही. एम.पी.एच. म्हणजे नक्की काय? त्यातून काय नोकरी मिळते?” — एक वाचक, चोपडा

एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी; दोन वर्षांची. एकेका पेशंटऐवजी तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा विचार. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (टिस), पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्था ही नावं आधी बघावीत. टिसच्या प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही केंद्रीय सामायिक परीक्षा द्यावी लागते. आकड्यांत रमणाऱ्यांसाठी देवनारची आयआयपीएस आहे, तिथे लोकसंख्याशास्त्र आणि जैवसांख्यिकी शिकवतात.

नोकऱ्या मिळतात त्या जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोग तज्ज्ञ, संस्थांमधले मूल्यमापन अधिकारी अशा. बऱ्याच प्रकल्पांच्या, मुदतीच्या. रोजचं काम म्हणजे एक्सेल. उदाहरण घ्या: अंगणवाडीतून दंडघेराचे आकडे येतात. ११.५ सेंटीमीटरच्या खाली असलेलं मूल तीव्र कुपोषित. एका गावातल्या सगळ्या मुलांचे आकडे १२.० किंवा १२.५ असेच गोल दिसले, तर टेप न लावता अंदाजाने भरलेत हे ओळखायचं, दुसऱ्या दिवशी त्या गावात जायचं आणि सेविकेला न दुखावता टेप पुन्हा लावून घ्यायची. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल त्याने क्लिनिकच बरं म्हणावं. नंदुरबारमध्ये काम करायचं असेल तर एम.पी.एच.इतकीच भिली किंवा पावरी बोलीची समज कामी येते, आणि अहिराणी येणाऱ्याला ती लवकर कानात बसते. इतर राज्यांतून आलेल्या चांगल्या मुलांपेक्षा तुम्ही इथे पुढे आहात.

“एमबीबीएस, नीट-पीजीत रँक मागे आली. आणखी एक ड्रॉप घेऊ?” — एक वाचक, जळगाव

ड्रॉप घेण्याआधी राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे दोन वर्षांचे एमबीबीएसनंतरचे डिप्लोमा बघितले का? भूल, बालरोग, स्त्रीरोग, नेत्र, फॅमिली मेडिसिन असे विषय आहेत आणि प्रवेश नीट-पीजीच्याच गुणांवर. डिप्लोमानंतर स्वतंत्र परीक्षेतून आणखी दोन वर्षांत डीएनबी, म्हणजे याच मंडळाची पदव्युत्तर पदवी, करता येते. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं असेल तर नुसता डिप्लोमा पुरत नाही, पण चाळीसगाव-रावेरसारख्या ठिकाणी भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ शोधावे लागतात. शासकीय महाविद्यालयातून शिकला असाल तर एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेचा हिशेब आधी मिटवा. त्या वर्षात प्राथमिक आरोग्य केंद्रावर केलेली बाळंतपणं पुढे कुठल्याही निवासी पदावर उपयोगी पडतात.

थोडक्यात उत्तरं

फिजिओथेरपी, एरंडोल: एमपीटी या पदव्युत्तर पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची पीजीपी-सीईटी असते. शाखा न्यूरो घ्या की ऑर्थो, हा वाद रंगतो. आपल्याकडे पक्षाघाताचे पेशंट घरी पडून आहेत आणि घरी जाऊन उपचार करणारे कमी, एवढं लक्षात घ्या.

मेडिकल कोडिंग, धुळे: हे खरं काम आहे, अमेरिकी विम्याची बिलं आयसीडी (आजारांच्या) आणि सीपीटी (उपचारांच्या) कोडांत बसवायची असतात. सीपीसी ही कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा १०० प्रश्नांची, चार तासांची असते आणि त्यात कोडची पुस्तकं उघडून बघता येतात, म्हणून पाठांतरापेक्षा पान पटकन सापडणं महत्त्वाचं. “शंभर टक्के नोकरी” लिहिणाऱ्या क्लासला फी परताव्याची अट करारावर लिहून मागा. बहुतेक जण तिथेच विषय बदलतात.

एक्स-रे तंत्रज्ञ, दोंडाईचा: दवाखान्याच्या मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी आहे का आणि तुम्हाला छातीवर लावायचा डोस मोजणारा बॅज दिला आहे का, हे रुजू होण्याआधी विचारा. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करायला सांगणाऱ्या जागी थांबू नका. बॅज दर तीन महिन्यांनी वाचनासाठी जातो. तुमच्या नावाचा डोस अहवाल बघायला मागा आणि नोकरी सोडताना त्याची प्रत सोबत घ्या.